गहुंजेच्या मैदानावरची मोठी नावं

३ मे २०१२ ची रात्र. गहुंजेच्या नव्याकोऱ्या मैदानावर पुणे वॉरियर्सला मुंबई इंडियन्सविरुद्ध जिंकायला १२१ धावा हव्या होत्या. ट्वेंटी-२० च्या हिशेबात हे लक्ष्य किरकोळच. वीस षटकं संपली तेव्हा फलकावर ११९ धावा होत्या आणि चार गडी अजून शिल्लक होते. फलंदाज हातात असताना सामना एका धावेनं गेला. निगडी, आकुर्डी, तळेगावहून आलेला प्रेक्षक त्या रात्री ज्याच्यावर चिडला, तो माणूस भारताच्या सर्वांत गाजलेल्या कर्णधारांपैकी एक होता. सौरव गांगुली त्या संघाचा कर्णधारही होता आणि मार्गदर्शकही.

त्या चिडीचा इतिहास लिहून ठेवण्याजोगा आहे. हरलेल्या संघाच्या चाहत्यांचा राग म्हणजे उतावळेपणा, दुसऱ्या दिवशी विसरून जाण्याची गोष्ट, असं समजायची आपल्याकडे पद्धत आहे. गहुंजेत मात्र चाहत्यांचं म्हणणं मालकांच्या हिशेबापेक्षा जास्त वेळा खरं ठरलं. मोठं नाव संघाच्या डोक्यावर ठेवलं की संघ आपोआप मोठा होतो, या समजुतीची किंमत या मैदानानं दोनदा मोजली. दोन्ही वेळा संघच उरला नाही.

मैदान उभं राहिलं तेच पुण्याबाहेर. महाराष्ट्र क्रिकेट संघटनेचे सामने पूर्वी स्वारगेटजवळच्या नेहरू स्टेडियमवर होत. ते महापालिकेच्या मालकीचं. संघटनेला स्वतःचं मैदान हवं होतं. त्यासाठी मुंबई-पुणे द्रुतगती मार्गालगत, देहूरोडच्या पुढं, मावळ तालुक्यातल्या गहुंजेची जागा निवडली गेली. आराखडा ब्रिटिश वास्तुरचनाकार मायकल हॉपकिन्स यांच्या कार्यालयाचा, बांधकाम शापूरजी पालनजींचं. सुमारे ३७ हजार माणसं बसतील एवढं ते मैदान १ एप्रिल २०१२ रोजी खुलं झालं. नाव पुण्याचं असलं तरी शेजार पिंपरी-चिंचवडचा. चाकण, भोसरी, आकुर्डीच्या कारखान्यांत पाळ्या करणाऱ्या माणसाला हे मैदान डेक्कन जिमखान्यावरच्या माणसापेक्षा जवळ पडतं.

या माणसाला कामाचा हिशेब नीट कळतो. कारखान्यात पाळीच्या सुपरवायझरला कुणी त्याच्या जुन्या कीर्तीवरून जोखत नाही. पाळी संपताना किती माल निघाला आणि किती रिजेक्ट झाला, एवढंच पाहिलं जातं. त्यानं हीच मोजपट्टी गहुंजेच्या कर्णधाराला लावली, तर त्यात अन्याय नाही.

सहारा समूहानं २०१० च्या मार्च महिन्यात पुण्याचा संघ ३७ कोटी डॉलरला घेतला. तोवरच्या आयपीएलमधली ही सर्वांत मोठी बोली होती. पैसा होता, घाई होती आणि नावांची हौस होती. २०११ च्या लिलावात रॉबिन उथप्पासाठी २१ लाख डॉलर आणि युवराज सिंगसाठी १८ लाख डॉलर मोजले गेले. युवराज कर्णधार झाला, ऑस्ट्रेलियाचे जेफ मार्श प्रशिक्षक झाले. गहुंजेचं बांधकाम पुरं न झाल्यानं संघ नवी मुंबईत खेळला. चौदा सामन्यांत चार विजय मिळाले आणि दहा संघांत नववा क्रमांक आला. त्याच लिलावात गांगुलीला कुणीच घेतलं नव्हतं. हंगाम अर्ध्यावर असताना जखमी आशिष नेहराच्या जागी पुण्यानं त्याला बोलावलं, आणि पुढच्या वर्षी सगळा संघच त्याच्या हाती दिला.

गांगुलीच्या बाजूनं जे सांगता येईल ते आधी सांगायला हवं. युवराज कर्करोगाच्या उपचारांसाठी अमेरिकेत होता. २०१२ च्या लिलावाच्या दिवशीच सहारा आणि क्रिकेट मंडळाचं भांडण उघड्यावर आलं आणि पुण्यानं लिलावात भागच घेतला नाही. थोडक्यात, कर्णधाराला मिळाला तो लंगडा संघ. तरीही सुरुवात झकास झाली. ६ एप्रिलला वानखेडेवर मुंबईला हरवलं. दोन दिवसांनी गहुंजेच्या पहिल्याच आयपीएल सामन्यात पंजाबला हरवलं. पुढच्या आठवड्यात चेन्नईला हरवलं. २१ एप्रिलला दिल्लीत विजय मिळाला तो स्वतः गांगुलीच्या बॅटीवर आणि चेंडूवर. सातपैकी चार सामने जिंकलेला संघ पाहून पिंपरी-चिंचवडकरांनी आशा धरली, त्यात त्यांचं काहीच चुकलं नव्हतं.

त्यानंतर उरलेले नऊच्या नऊ सामने पुणे हरलं.

नऊ पराभव नशिबानं होत नाहीत. संघ निवडणारा, फलंदाजीचा क्रम लावणारा आणि स्वतः वरच्या फळीत खेळणारा माणूस एकच होता. त्या हंगामात गांगुलीनं १५ सामन्यांत २६८ धावा केल्या, तेही चेंडूमागे एक धाव पुरी न पडता. ट्वेंटी-२० मध्ये वरच्या फळीतल्या फलंदाजाचा हा वेग खालच्या सगळ्यांवर ओझं टाकतो. बांगलादेशचा तमीम इक्बाल हा त्या काळातला नाणावलेला, धडाकेबाज सलामीवीर पुण्याच्या ताफ्यात होता. त्याला पुण्याकडून एकही सामना खेळायला मिळाला नाही. गांगुली बाहेर बसला असता तर पुणे जिंकलंच असतं, असं कुणी म्हणू शकणार नाही. पण कर्णधार स्वतःच्या जागेचा विचार करायला तयार नसेल, तर बाकीच्या दहांचा विचार तो निष्पक्षपणे करतो यावर प्रेक्षकांनी विश्वास कसा ठेवावा? भारताला २००० नंतर लढायला शिकवणारा गांगुली मोठाच. पुणे वॉरियर्सचा गांगुली अपयशी ठरला. ही दोन्ही वाक्यं एकाच माणसाबद्दल खरी आहेत, आणि दुसरं वाक्य म्हणायला आपण कचरतो ते पहिल्यामुळे.

पुढच्या वर्षी गांगुली गेला. अॅलन डोनाल्ड प्रशिक्षक झाला, अँजेलो मॅथ्यूज कर्णधार. २०१३ चे पहिले दोन सामनेही गेले आणि सलग पराभवांचा आकडा ११ वर पोचला. त्याच हंगामात २३ एप्रिलला बंगळूरमध्ये ख्रिस गेलनं पुण्याच्या गोलंदाजीवर ६६ चेंडूंत नाबाद १७५ धावा कुटल्या. तीन हंगामांत ४६ सामने, १२ विजय, ३३ पराभव, एक अनिर्णित. २०१३ च्या अखेरीस मंडळानं संघाची मान्यताच काढून घेतली. मैदानावरून सहाराचं नावही उतरलं. या मोडतोडीत एक गोष्ट मनाला फार लागते. भुवनेश्वर कुमार ही सगळी वर्षं पुण्याच्या संघात होता. त्यानंच पुढं हैदराबादकडून २०१६ आणि २०१७ अशी लागोपाठ दोन वर्षं स्पर्धेत सर्वाधिक बळी घेतले. जाहिरातीतल्या चेहऱ्यांकडे बघता बघता घरातलं सोनं ओळखायचं राहून गेलं.

संघनायकाची मोजदाद करताना गोंधळ का होतो, याचं एक लख्ख उदाहरण अमेरिकेच्या बेसबॉलमध्ये सापडतं. तिथल्या संघाचा मॅनेजर म्हणजे आपल्या कर्णधार आणि प्रशिक्षकाचं एकत्रित रूप. नऊ खेळाडू तोच निवडतो, फलंदाजीचा क्रम तोच लावतो, चेंडू फेकणारा बदलायचा कधी हेही तोच ठरवतो. केसी स्टेंगल हे त्या खेळातलं फार मोठं नाव. १९४९ ते १९६० या बारा वर्षांत त्याच्या न्यूयॉर्क यँकीज संघानं सात वेळा जागतिक मालिका जिंकली. त्याआधी ब्रुकलिन आणि बोस्टनमध्ये मिळून नऊ हंगाम त्यानं संघ सांभाळले होते, आणि पराभवांपेक्षा विजय जास्त असा हंगाम त्यांत एकच होता. यँकीज सोडल्यावर १९६२ मध्ये तो नव्या न्यूयॉर्क मेट्स संघावर आला. त्या वर्षी मेट्सनं ४० सामने जिंकले आणि १२० गमावले. माणूस तोच, डोकं तेच. हाताखालचे खेळाडू बदलले की अलौकिक बुद्धीचा मॅनेजर सामान्य दिसू लागतो. मग यँकीजच्या यशातला त्याचा वाटा नेमका किती, हा प्रश्न विचारणारा प्रेक्षक कृतघ्न ठरत नाही.

आपल्याकडे या प्रश्नाचं उत्तर शोधायला बाहेर जायचीही गरज नाही. पुण्याचेच दि. ब. देवधर हे सर परशुरामभाऊ महाविद्यालयात संस्कृत शिकवत आणि महाराष्ट्राचं कर्णधारपद सांभाळत. त्यांच्या हाताखाली महाराष्ट्रानं १९३९-४० आणि १९४०-४१ असा लागोपाठ दोन वर्षं रणजी करंडक जिंकला. पहिल्या विजयाच्या हंगामात सांगलीच्या विजय हजारेंनी पुण्यात बडोद्याविरुद्ध नाबाद ३१६ धावा केल्या. पन्नाशीकडे झुकलेले देवधर स्वतः खेळत होते, धावाही करत होते, आणि त्यांचा संघ इथल्याच मातीत घडलेल्या मुलांचा होता. त्यानंतर महाराष्ट्राला रणजी करंडक आजवर मिळालेला नाही. देवधरांची थोरवी त्या दोन ओळींत पुरेपूर भरली आहे. तिला जाहिरात लागली नाही.

दुसरं उदाहरण चंदू बोर्डेंचं. २००७ च्या विश्वचषकात भारत पहिल्याच फेरीत बाहेर पडला आणि ग्रेग चॅपल गेले. चॅपल फलंदाज म्हणून थोरच, पण प्रशिक्षक म्हणून दोन वर्षांत त्यांनी संघात दुफळी माजवली. गंमत अशी, की त्यांना आणावं असं म्हणणाऱ्यांत गांगुलीही होता आणि पुढं कर्णधारपद गेलं तेही त्याचंच. मंडळानं ग्रॅहम फोर्ड यांना विचारलं, त्यांनी नकार दिला. शेवटी इंग्लंड दौऱ्यासाठी पुण्याच्या बोर्डेंना क्रिकेट व्यवस्थापक नेमलं. वय ७२. या वयाचा माणूस काय करणार, असा सूर तेव्हा लागला होता. लॉर्ड्सची कसोटी चालू असताना बोर्डेंना त्र्याहत्तर वर्षं पूर्ण झाली. पुढच्या आठवड्यात ट्रेंट ब्रिजवर झहीर खाननं नऊ बळी घेतले, भारत सात गडी राखून जिंकला आणि ती मालिकाही १-० अशी खिशात आली. १९८६ नंतर इंग्लंडमध्ये जिंकलेली ती पहिली कसोटी मालिका. राहुल द्रविड कर्णधार होता, श्रेय मुख्यतः खेळाडूंचं. बोर्डेंनी स्वतःही त्याच्यावर हक्क सांगितला नाही. बिथरलेल्या संघाला शांतपणे खेळू देणं हे त्या उन्हाळ्यातलं खरं व्यवस्थापन होतं, आणि ते एका पुणेकरानं केलं.

गहुंजेला दुसरा संघ मिळाला तो चेन्नई आणि राजस्थानवर दोन वर्षांची बंदी आल्यामुळे. डिसेंबर २०१५ मध्ये संजीव गोएंकांनी पुण्याचा संघ घेतला आणि निवडीत पहिला खेळाडू उचलला तो महेंद्रसिंग धोनी, साडेबारा कोटींना. प्रशिक्षक म्हणून चेन्नईचेच स्टीफन फ्लेमिंग आले. जोडी सिद्धहस्त होती, पण पहिल्या हंगामात पुणे आठांत सातवं आलं. केव्हिन पीटरसन, फाफ डू प्लेसी, स्टीव्ह स्मिथ आणि मिचेल मार्श हे चारही परदेशी खेळाडू दुखापतींनी मायदेशी परतले होते. त्यात महाराष्ट्रात दुष्काळ. उच्च न्यायालयाच्या आदेशानं सामने राज्याबाहेर हलवावे लागले आणि पुण्याचं घर थेट विशाखापट्टणमला गेलं. इथं धोनीला दोष देणं अवघड होतं, आणि बहुतेक चाहत्यांनी तो दिलाही नाही.

दोष दिला तो मालकांनी. १९ फेब्रुवारी २०१७ रोजी धोनीला काढून स्मिथला कर्णधार केलं. चारच दिवसांनी गहुंजेवर भारताची पहिली कसोटी सुरू झाली आणि ऑस्ट्रेलियाचा कर्णधार म्हणून तोच स्मिथ मैदानात उतरला. खेळपट्टी धुळीची होती. स्टीव्ह ओकीफनं १२ बळी घेतले, भारत १०५ आणि १०७ धावांत गारद झाला आणि ३३३ धावांनी हरला. स्मिथनं त्याच खेळपट्टीवर १०९ धावा काढल्या. खेळपट्टीवर सामनाधिकाऱ्यांनी 'निकृष्ट' असा शेरा मारला.

पुढं एप्रिलमध्ये मुंबईविरुद्धचा पहिला सामना पुण्यानं जिंकला, तेव्हा मालकांचे बंधू हर्ष गोएंका यांनी जाहीरपणे स्मिथला जंगलचा राजा ठरवून धोनीला खाली दाखवलं. चाहते खवळले आणि त्यांना तो मजकूर मागं घ्यावा लागला. प्रेक्षकांचा हा राग व्यक्तिपूजेतून आला असं म्हणून तो झटकणं सोपं आहे. पण पंधरा दिवसांनी हैदराबादविरुद्ध गहुंजेवरच धोनीनं ३४ चेंडूंत ६१ धावा करून सामना ओढून आणला. एका निकालावरून माणसाची किंमत ठरवू नये, एवढी समज स्टँडमधल्या लोकांना होती आणि मालकाच्या घरात नव्हती.

स्मिथचं कौतुकही तेवढंच करायला हवं. त्यानं ४७२ धावा केल्या आणि संघ अंतिम सामन्यापर्यंत नेला. दहा लाखांच्या बोलीत आलेला महाराष्ट्राचा राहुल त्रिपाठी ३९१ धावा करून गेला. साडेचौदा कोटींच्या बेन स्टोक्सच्या वर्षी हे घडलं. मुंबईला त्या वर्षी पुण्यानं तीनदा हरवलं होतं. चौथ्यांदा, २१ मे रोजी हैदराबादच्या अंतिम सामन्यात, १३० धावांचा पाठलाग करताना पुणे १२८ वर थांबलं. पुन्हा मुंबई, पुन्हा एक धाव. त्यानंतर तो संघही बरखास्त झाला.

पुढच्याच वर्षी जे झालं त्यानं चाहत्यांचं म्हणणं खरं ठरवलं. कावेरी पाणीप्रश्नावरून तामिळनाडूत आंदोलन पेटलं आणि चेन्नईचे घरचे सहा सामने गहुंजेला आले. पुण्यानं कर्णधारपदावरून उतरवलेला धोनी त्याच मैदानावर चेन्नईचा कर्णधार म्हणून खेळला, सहापैकी पाच सामने जिंकला आणि मग स्पर्धाही जिंकून गेला. मात्र यावरून धोनी किंवा फ्लेमिंग यांना परीस समजू नये. हीच जोडी असताना २०२५ मध्ये चेन्नई दहा संघांत शेवटी आली. चांगला संघ नसेल तर चांगला संघनायकही हतबल होतो, हे स्टेंगलच्या मेट्सनं साठ वर्षांपूर्वी दाखवलं होतं.

ही चर्चा गहुंजेत आजही ताजी आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये न्यूझीलंडनं इथं भारताला ११३ धावांनी हरवलं. मिचेल सँटनरनं १३ बळी घेतले. मायदेशात सलग १८ कसोटी मालिका जिंकण्याची भारताची परंपरा याच मैदानावर तुटली आणि पुढं मालिका ०-३ अशी गेली. गौतम गंभीरला तेव्हा मुख्य प्रशिक्षक होऊन चार महिनेही झाले नव्हते. त्याला हे पद मिळालं त्यामागं कोलकाता संघाचा मार्गदर्शक म्हणून जिंकलेल्या एका आयपीएलचा मोठा हात होता. मार्च २०२५ मध्ये त्याच्याच काळात भारतानं चॅम्पियन्स करंडक जिंकला, आणि नोव्हेंबरात दक्षिण आफ्रिकेकडून मायदेशी ०-२ अशी हार पत्करली. एका ट्वेंटी-२० स्पर्धेतल्या यशावरून कसोटी संघाची धुरा द्यावी का, हा प्रश्न गहुंजेच्या उन्हात, छत नसलेल्या स्टँडमध्ये तीन दिवस बसलेल्या माणसानं विचारला असेल, तर तो विचारण्याचा त्याला पूर्ण अधिकार होता.

मैदानापासून थोड्या अंतरावर थेरगाव आहे. पिंपरी-चिंचवड महापालिकेच्या मैदानावर तिथं दिलीप वेंगसरकरांची अकादमी चालते. जुन्या सांगवीचा ऋतुराज गायकवाड याच अकादमीत घडला. २०१६ मध्ये तो महाराष्ट्राकडून रणजी खेळू लागला होता, पण गोएंकांच्या राइजिंग पुणे संघात तो नव्हता. चेन्नईनं त्याला वीस लाखांत घेतलं. २०२१ मध्ये ६३५ धावा करून तो स्पर्धेत पहिला आला आणि २०२४ मध्ये चेन्नईचा कर्णधार झाला. शहरानं घडवलेला कर्णधार दुसऱ्या शहराला मिळाला. २०२३ मध्ये गहुंजेवर महाराष्ट्र प्रीमियर लीग सुरू झाली. तिच्या पहिल्याच हंगामात सोलापूरच्या अर्शीन कुलकर्णीनं शतक ठोकलं, आणि त्याला घेतलं ते गोएंकांच्याच लखनौ संघानं.

२०२१ मध्ये आयपीएलचे दोन नवे संघ निघाले तेव्हा पुण्याचं नाव आलं नाही. कधी ना कधी ते पुन्हा येईल. त्या दिवशी जो कुणी मालक होईल, त्यानं पत्रकार परिषदेत मोठ्या कर्णधाराचं नाव जाहीर करण्याआधी थेरगावच्या नेट्सवर आणि महाराष्ट्राच्या रणजी संघाच्या सरावाला जाऊन यावं, पंधरा मुलं तिथून उचलावीत आणि मगच त्यांना कोण सांभाळेल ते ठरवावं.